आश्विन घरातला: कंदील, घारगे, झेंडूचा रंग (सातारा-सांगलीकरांसाठी)

कृष्णाकाठ

सूर्य हस्त नक्षत्रात गेला (27 सप्टेंबरच्या आसपास) की आपल्याकडे हादगा बसतो. तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत घरात बसून करण्यासारखी कामे एकामागून एक येतात: हादग्याची माळ, खिरापत, दसऱ्याचे तोरण, कोजागिरीचे दूध, कंदील, किल्ला. त्यांच्या कृती आणि प्रमाणे एका जागी असावीत म्हणून हा धागा. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत, इथे फक्त वजन, माप, कारण आणि चूक कुठे होते ते लिहूया.

सुरुवातीलाच एक मुद्दा. आपल्या भागात या दिवसांत जे काही बिघडते, त्यातले बहुतेक ओलीमुळे. दुपारी ऑक्टोबरचे ऊन भाजते आणि संध्याकाळी परतीचा पाऊस येतो. पावसाळाभर डब्यात बसलेल्या गुळाला पाणी सुटलेले असते, बांबू अर्धा ओला असतो, शेंगा नुकत्या उपटलेल्या असतात. पुस्तकातले प्रमाण जसेच्या तसे घेतले की फसते ते इथेच. त्यामुळे कृती देताना ‘ओल किती आणि तिचे काय करायचे’ हे प्रत्येकाने जरूर लिहा.

पहिले काम कंदिलाचे. बांबू वाळायला वेळ लागतो, म्हणून ते दसऱ्याच्या आधीच हातात घ्यावे लागते.

कामटी_आणि_खळ

चौकटींचा पारंपरिक कंदील देतो. चांदणीपेक्षा हा सोपा आणि जास्त टिकाऊ.

लागतात एकसारख्या 24 कामट्या, प्रत्येकी 20 सेमी लांब, 5 मिमी रुंद, 2 ते 3 मिमी जाड. बुरूडाकडून आणतानाच पेर नसलेला भाग मागा. पेरावर कामटी वाकत नाही आणि नेमकी बांधायच्या जागी आली तर चिरते. आणलेल्या कामट्या चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा आणि संध्याकाळी आठवणीने घरात घ्या. हे टाळले तर बांबू नंतर आक्रसतो, दोरा सैल पडतो आणि लक्ष्मीपूजनाला कंदील तिरका लोंबतो.

चार-चार कामट्यांच्या सहा चौकटी बांधा. टोके एकमेकांवर जेमतेम चढवायची, सुती दोऱ्याने फुलीसारखे पाच-सहा वेढे द्यायचे, गाठीवर फेविकॉलचा थेंब. सहाही झाल्या की एक चौकट तळाला, एक डोक्याला, आणि बाकी चार मध्ये टोकावर उभ्या, पतंगासारख्या. चौकटी फक्त कोपऱ्यांनी एकमेकींना जोडायच्या. सहा चौकटींचे 24 कोपरे दोन-दोन मिळून 12 सांधे होतात. चौकटींच्या मध्ये आपोआप 8 त्रिकोण तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही. कंदील साधारण 28 सेमी उंच होतो.

आता नेहमीची चूक. एवढे बांधून झाले की सांगाडा हातात धरल्यावर पिळला जातो आणि मिटतो. बांधणी ढिली आहे असे वाटून लोक दोऱ्यावर दोरा गुंडाळत बसतात. दोष बांधणीचा नसतोच. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकट मात्र दाबली की शंकरपाळ्यासारखी होते. म्हणून प्रत्येक चौकटीला कर्ण द्यावा लागतो. बाजूच्या चार चौकटींत पांढऱ्या बारीक दोऱ्याचे दोन-दोन कर्ण ताणून बांधा, दोन्ही बरोबर 28.3 सेमी. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकट काटकोनात आली. डोक्याच्या चौकटीत दोऱ्याऐवजी दोन कामट्यांची फुली घाला (29 सेमीच्या कापा). टांगायची सुतळी त्या फुलीलाच बांधता येते. तळाला एकच कामटी कर्णावर घाला, म्हणजे बल्ब आत न्यायला जागा राहते.

वारणेची_पोर

@कामटी_आणि_खळ, कागदाचे माप आणि खळीचे प्रमाणही द्या ना. दुकानातल्या गोंदाने पतंगी कागद जिथे चिकटवावा तिथे पिवळा डाग पडतो. आणि कागद ताणून लावला तर फाटतो, सैल लावला तर सुरकुत्या.

कामटी_आणि_खळ

बाजूच्या चौकटींसाठी 22 सेमीचे 4 चौरस, म्हणजे चारी बाजूंनी 1 सेमी दुमडायला मिळतो. त्रिकोणांसाठी 23.5 सेमी बाजूचे 8 समभुज त्रिकोण. इथे 22 चा कापू नका. त्रिकोणाला तिन्ही बाजूंनी 1 सेमी सोडायचा तर बाजू साडेतीन सेमीने वाढते. डोके उघडे ठेवायचे, उष्णता तिथून जाते. तळही उघडाच, त्याच्या कडांना शेपट्या.

खळ: मैदा 2 मोठे चमचे, पाणी 1 वाटी, चिमूटभर तुरटीची पूड. मैदा गार पाण्यात गुठळी मोडून कालवा, मगच मंद आचेवर ठेवा. तीन-चार मिनिटांत पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाली की उतरवा. कणकेची करू नका, कोंड्याचे ठिपके उजेडात दिसतात. जुन्या रीतीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, मुले हात लावणार असतील तर अजिबात नको. तुरटीने दोन दिवस काम भागते, तिसऱ्या दिवशी खळ आंबते.

ताणाचे उत्तर असे: कागद ताणायचाच नाही. नुसता सपाट बसवायचा. खळ ओली असताना कागद फुगलेला असतो, वाळताना तो स्वतःच आक्रसतो. आधीच ताणलेला असेल तर जागा उरत नाही आणि कडेला फाटतो. पूर्ण वाळल्यावरही सुरकुती राहिली तर फवाऱ्याच्या बाटलीने हातभर अंतरावरून एकदाच बारीक तुषार मारा आणि सावलीत सुकवा. जास्त मारले तर पतंगी कागदाचा रंग ओघळतो.

आत 5 ते 7 वॅटचा पिवळसर उजेडाचा एलईडी पुरतो. जुना 60 वॅटचा तारेचा बल्ब या आकारात कागद करपवतो. कंदील छज्जाच्या आत हातभर टांगा, उघड्यावर परतीचा एक पाऊस पुरे होतो.

चुलीजवळ

कंदिलाचे नीट झाले, आता खिरापतीकडे वळते. लाल भोपळ्याचे घारगे. भोपळा या दिवसांत पक्का, जाड सालीचा आणि गोड मिळतो. चकाकी गेलेली, नखाने सहज न खरवडणारी साल आणि वाळलेला देठ बघून घ्या. कोवळ्या भोपळ्यात पाणी जास्त आणि गोडी कमी.

सोलून किसलेला भोपळा 250 ग्रॅम, चिरलेला गूळ 150 ग्रॅम, कणीक 275 ते 325 ग्रॅम, तांदळाची पिठी 2 मोठे चमचे, कडकडीत तुपाचे मोहन 1 मोठा चमचा, पाव चमचा मीठ, वेलची किंवा जायफळ, वरून लावायला खसखस. सुमारे 25 ते 27 होतात.

कीस चमचाभर तुपावर परता, झाकण न ठेवता, पाच-सहा मिनिटे. झाकण ठेवले की भोपळ्याचेच पाणी परत त्यात पडते. कीस मऊ होऊन कढईच्या कडा सोडू लागला की गॅस बंद करून मग गूळ घाला. गूळ शिजवायचा नाही, फक्त विरघळवायचा. तो उकळला की पाकाकडे जातो आणि घारगे थंड झाल्यावर कडक होतात.

कणकेला 275 ते 325 असा पल्ला दिला, कारण आपला गूळ. नवा गूळ गळीत हंगाम सुरू झाल्यावर येतो. आश्विनात घरात असतो तो मागच्या हंगामाचा, पावसाळा काढलेला. बोटाला चिकटत असेल तर कणीक 325 कडे जाईल. आधी 275 घाला, पीठ जेमतेम गोळा होईल एवढेच मिसळा, 20 मिनिटे झाकून ठेवा आणि मग ठरवा. गूळ मुरल्यावर पीठ आणखी सैल पडते. आधीच घट्ट वाटले म्हणून पाणी घातले तर पुढे हाताला चिकटणारा चिखल होतो. पाण्याचा थेंबही लागत नाही.

थापायचे केळीच्या पानावर किंवा तेल लावलेल्या प्लॅस्टिकवर, 4 ते 5 मिमी जाड. पुरीपेक्षा जाड, थालीपिठापेक्षा पातळ.

माणदेशी_शेंग

@चुलीजवळ, तळताना बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. दुसऱ्या दिवशी चामटही होतात. तांदळाची पिठी वाढवली तर?

चुलीजवळ

काळे-कच्चे म्हणजे तेल पुरीचे तापले आहे. पुरीला तेल कडकडीत लागते, घारग्यात गूळ आहे, तो त्या तापमानाला आधीच जळतो. तेल 160 ते 170 अंशांवर हवे. थर्मामीटर नसेल तर पिठाची गोळी टाकून बघा. ती तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांनी सावकाश वर यावी. टाकताक्षणी उसळली तर गॅस कमी करून थांबा. एका वेळी तीन-चारच सोडा, एका बाजूला दीड मिनिट द्या, उलटून एक मिनिट. तेलातून काढताना रंग हवा त्यापेक्षा एक छटा फिका असू द्या, बाहेर आल्यावरही तो गडद होतो.

चामटपणा मळण्यातून येतो. हे पीठ पोळीच्या कणकेसारखे तिंबायचे नसते, नुसते एकत्र करायचे. पिठी वाढवून चामटपणा जातो खरा, पण 4 चमच्यांच्या पुढे घारगे भुरभुरीत होतात आणि कडेला चिरतात. आणि गरम डब्यात भरू नका. झाकणाला वाफ धरली की तेच पाणी त्यांच्यावर उतरते. जाळीवर पूर्ण गार करून भरले तर तीन-चार दिवस चांगले राहतात.

गूळ जास्त झाला तर घारगे तेलात विरघळू लागतात, तळाशी काळे कण दिसतात. तेव्हा उरलेल्या पिठात दोन चमचे कणीक मिसळा आणि तेल गाळून घ्या. तसेच पुढे तळलेत तर पुढच्या सगळ्या घाण्याला कडू वास लागतो.

हिरडा_बेहडा

दसऱ्याचा झेंडू दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाताना बघवत नाही. त्याच फुलांनी सुती कापड पक्के पिवळे रंगते. तोरण, रुमाल, देवाखालचे वस्त्र, काहीही करा.

देठ आणि हिरवा भाग काढून पाकळ्या सावलीत, पंख्याखाली, एका थरात पसरा. ढिगात ठेवल्या तर एका रात्रीत आतून काळ्या पडतात. तीन-चार दिवसांत कुरकुरीत होतात, मग कागदाच्या पिशवीत भरून ठेवता येतात.

आता 100 ग्रॅम कोरड्या मांजरपाटाचे प्रमाण. कापड नेहमी आधी वजन करून घ्या, मीटरवर जाऊ नका.

पहिल्या दिवशी कापड 2 चमचे धुण्याचा सोडा आणि साबण घालून अर्धा तास उकळा. गिरणीची खळ निघून पाणी पिवळट होते. हे वगळले तर रंग ठिगळाठिगळाने बसतो. रात्री 20 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, त्यात कापड बुडवून ठेवा. सकाळी फक्त पिळून सावलीत वाळवा, धुवायचे नाही.

दुसऱ्या दिवशी 15 ते 20 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड दोन तास ठेवा. नंतर एकदा हलके खळबळून घ्या.

मग 100 ग्रॅम सुक्या पाकळ्या (ओल्या असतील तर निदान दुप्पट) स्टीलच्या पातेल्यात 4 लिटर पाण्यात पाऊण तास मंद ठेवा. खळखळून उकळले तर पिवळ्याचा तपकिरी होतो. गाळा, कापड घाला, आणखी पाऊण तास मंद आचेवर ठेवा आणि दर पाच मिनिटांनी हलवा. त्याच पाण्यात रात्रभर राहू दिले तर रंग गडद येतो.

हिरडा का, असे बरेच जण विचारतात. लोकर आणि रेशीम तुरटी सहज धरतात, सूत धरत नाही. हिरड्यातले टॅनिन (तुरट द्रव्य) सुताला चिकटते आणि तुरटीला धरून ठेवते. नुसत्या तुरटीवर रंगवलेले सुती कापड दोन धुण्यांत फिके पडते. जावळी-महाबळेश्वरच्या जंगलातला हिरडा असताना हा टप्पा गाळायचे काहीच कारण नाही.

पूर्वभाग

माण-खटावकडे बोअरचे पाणी जड आहे. त्याने काही फरक?

हिरडा_बेहडा

पडतो. क्षार असलेल्या पाण्यात हा पिवळा नारिंगीकडे झुकतो, तो वाईट दिसत नाही. लोह असलेल्या पाण्यात मात्र हिरड्याचे टॅनिन काळपटते आणि कापड शेवाळी होते. लोखंडी कढईतही तेच होते. शेवाळी रंग हवा असेल तर मुद्दाम कढई घ्या. शुद्ध पिवळा हवा असेल तर पावसाचे धरलेले पाणी सगळ्यात उत्तम. परतीच्या पावसात छताची पहिली दहा मिनिटे वाहू देऊन मग बादली लावा.

वारणेची_पोर

फुलांचाच विषय आहे तर, कासची रानफुले वहीत दाबून भेटकार्डे करता येतील का?

हिरडा_बेहडा

नाही. कासचे एकही फूल तोडायचे नाही. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात कास आहे. नियम तर आहेच, पण तिथली कितीतरी फुले वर्षायू आहेत: फूल खुडले की बी गेले आणि पुढच्या वर्षीचे रोपही गेले. फुले तिथे बघावीत, कार्डासाठी अंगणातली घ्यावीत.

दाबायला गोकर्ण, कॉसमॉस, आपट्याचे पान आणि नेच्याची पाती चांगली. झेंडू जाड असतो, त्याच्या फक्त सुट्या पाकळ्या दाबा. फुले सकाळी अकरानंतर तोडा, दव पूर्ण उडालेले असते. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर पाच-सहा किलोचे वजन द्या आणि पहिले चार दिवस कागद रोज बदला. काळी पडलेली फुले म्हणजे न बदललेला ओला कागद. दहा ते पंधरा दिवसांत तयार होतात.

माणदेशी_शेंग

ओल्या शेंगा लिहितो. 1 किलो शेंगा तीन-चार पाण्यांनी धुवा, शेवटचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. शेंगा बुडतील एवढे पाणी, 35 ते 40 ग्रॅम जाडे मीठ, कुकरला चार शिट्ट्या. शेंगा लगेच उपसायच्या नाहीत, अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्यायच्या. मीठ टरफलातून आत शिरते ते उकळतानापेक्षा पाणी निवताना जास्त.

वाळवून ठेवणार असाल तर उन्हात आठवडाभर वाळवा आणि कानाशी हलवून दाणा खुळखुळतो का ते पाहा. नीट न वाळलेल्या शेंगेत बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि ते भाजून किंवा उकडून जात नाही. बुरशीचा दाणा निवडून बाकीचे वापरू असे करू नका, ती पिशवीच टाकून द्या.

चुलीजवळ

कोजागिरीचे दूध, थोडक्यात. म्हशीचे 1 लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवून 750 मिली करा. साखर 75 ग्रॅम, बदाम 15, पिस्ते 15, वेलदोडे 5, केशराच्या 15-20 काड्या, जायफळ दोन चिमटी. सुका मेवा साखरेबरोबरच मिक्सरला थांबत-थांबत फिरवा. नुसता फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. ही पूड शेवटच्या पाच मिनिटांत घाला, आधी घातली तर बुडाशी बसते आणि करपते.

तासगावचे बेदाणे घालायचे असतील तर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, निथळून, दूध कोमट झाल्यावर घाला. बेदाण्याला आंबटपणा असतो, उकळत्या दुधात टाकले तर दूध फाटू शकते. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे आता मिळतात ते साठवणीतले. एकमेकांना चिकटलेले, आंबूस वासाचे घेऊ नका.

सीताफळ घालणार असाल तर गर कधीही शिजवू नका, कडवट होतो. दूध फ्रीजमध्ये पूर्ण गार करून मग गर मिसळा. बिया मिक्सरने काढू नका, बी फुटली की तीही कडू. मोठ्या भोकांच्या चाळणीवर गर हाताने हलके घासा.

चांदण्यात दूध ठेवायचे ते उकळीचे गरम, वर पातळ मलमल बांधून, आणि दोन तासांत प्यायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात मध्यरात्रीपर्यंत उघडे ठेवलेले दूध आंबते.

अजिंक्यतारा_पायथा

मुलांच्या किल्ल्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कृष्णाकाठची काळी माती एकटी वापरू नका. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, आणि तटबंदीला बोटभर भेगा पडतात. एक घमेले काळी माती, एक घमेले चाळलेला मुरूम किंवा वाळू, दोन मुठी बारीक भुसा. आत दगड-विटांचा ढीग, त्यावर ओली पोती, त्यावर मातीचा दोन-तीन सेमीचा लेप. पोते कोरडे राहिले तर ते लेपातले पाणी शोषून घेते आणि लेप सुटतो.

प्रतापगड करायचा तर खालचा किल्ला आणि वरचा बालेकिल्ला असे दोन टप्पे स्पष्ट दिसले पाहिजेत. वासोटा करायचा तर उतार हिरवेगार हवेत, तो जंगलातला किल्ला आहे. त्यासाठी आळीव. वसुबारसेच्या सात-आठ दिवस आधी पेरा, तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात, आठवड्यात बोटाच्या पेराएवढी हिरवळ होते. बी भिजवून पेरू नका. आळीव भिजले की त्याला बुळबुळीत गर सुटतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. कोरडे बी दुप्पट वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरा आणि पाणी फवाऱ्यानेच द्या. तांब्याने ओतले तर सगळे बी पायथ्याशी वाहून येते.

वारणेची_पोर

पाऊस आला तर किल्ला झाकायचा की नाही? प्लॅस्टिक टाकले की आळीव पिवळे पडते.

अजिंक्यतारा_पायथा

झाकायचा, पण प्लॅस्टिक मातीला टेकू द्यायचे नाही. चार कोपऱ्यांना हातभर उंचीच्या काठ्या रोवा, ताडपत्री एका बाजूला उतरती बांधा, बाजू उघड्या ठेवा. पाऊस थांबला की लगेच काढा. ऊन पडल्यावर झाकण राहिले तर आत वाफ धरून तासाभरात कोंब माना टाकतात. आळीव पिवळे पडले असेल तर दोन दिवस सकाळचे ऊन द्या, बुंधा कुजला नसेल तर पुन्हा हिरवे होते.